लॉनखालचा टाकळा

देणगीचा अर्ज कसा लिहावा, ही विद्या कमलेशइतकी कर्जत तालुक्यात कुणालाच येत नव्हती. निदान कमलेशचं तसं ठाम मत होतं. दहिवलीत एका मोबाईलच्या दुकानावरच्या खोलीत त्याच्या ‘गोकुळछाया प्रतिष्ठान’चं कार्यालय होतं. कार्यालय म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर, पाहुण्यांसाठी तीन खुर्च्या आणि भिंतीवर ओळीने लावलेले अकरा फोटो. प्रत्येक फोटोत कुठल्या ना कुठल्या शाळेचं आवार, मध्ये एक रोप आणि त्या रोपाला एकाच वेळी हात लावून उभे असलेले सात-आठ पाहुणे. इतक्या हातांखालून ते रोप काय जगणार? अकराच्या अकरा रोपं मेली. फोटो मात्र लॅमिनेट केल्यामुळे टवटवीत होते.

अर्ज त्याच्याकडे एकच होता. गावाचं नाव, मुलांचा आकडा आणि तारीख बदलली की तोच अर्ज नवा व्हायचा. त्यात ‘सर्वांगीण’ नऊ वेळा यायचं, ‘शाश्वत’ सहा वेळा, आणि जित्याजागत्या पोरांना ‘लाभार्थी’ म्हटलेलं असायचं. खालापूरकडच्या एका शाळेच्या अर्जात मागच्या गावाची नदी चुकून तशीच राहून गेली. ज्या गावाला धड ओढासुद्धा नाही, तिथल्या मुलांना कमलेशने नदीकाठी परसबाग करून दिली. कुणी वाचलं नाही. देणगी आली. त्या दिवसापासून अर्ज वाचणाऱ्यांविषयी त्याच्या मनात जी तुच्छता बसली, ती बसलीच. गंमत अशी, की ज्यांच्यासाठी अर्ज लिहायचा त्यांच्याविषयीही ती हळूहळू तशीच बसत गेली.

कमलेश पैसे खात नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तो स्वतःही ते जिथे तिथे मुद्दाम सांगायचा. आलेली देणगी शाळेवरच लागायची. त्याचं पाप वेगळं होतं. गरिबाचं घर आहे तसं दाखवलं तर कुणी दमडी देणार नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. म्हणून तो गरिबीला पावडर लावायचा, आणि त्यालाच सेवा म्हणायचा. श्रावणातल्या सप्त्यात हातात माईक घेऊन अन्नदात्यांची नावं वाचायलाही तोच उभा असायचा. बुवा निरूपणात दंभावर बोलायला लागले, की हा सगळ्यात मोठ्याने मान डोलवायचा. कीर्तन ऐकताना आपल्या शेजारचाच कोणी डोळ्यांसमोर येतो, आपण कधी येत नाही. वाचकहो, हा अनुभव तुमच्या-आमच्या सगळ्यांचाच आहे.

आषाढात मोरबावच्या शाळेतल्या समिधाबाई त्या खोलीत येऊन बसल्या. मोरबाव हे पळसदरीच्या पल्याड डोंगराला टेकलेलं गाव, आणि कमलेशचं जन्मगावही तेच. बाईंनी मुंबईच्या एका ट्रस्टला पत्र पाठवलं होतं. पत्र कसलं, पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. ‘आमच्या शाळेमागे मुलांनी केलेली परसबाग आहे. तिच्यावर भाताच्या आवणीच्या दिवसांत गावातली चौदा तान्ही मुलं जेवतात. येऊन बघाल का?’ आणि ट्रस्टने चक्क उत्तर पाठवलं होतं : बघायला येतो, पण देणगी द्यायची तर नोंदणी असलेली संस्था हवी.

“तुमची नोंदणी आहे म्हणून आले,” बाई म्हणाल्या. “तुम्ही नुसता कागद द्या. बाकी सगळं तिथं आहे.”

कमलेशला हसू आलं. “बाई, ‘बाकी सगळं’ म्हणजे काय? मोतीबाईची पडवी आणि मागचं गवत?”

“गवत नाही हो. भाजी आहे ती.”

“तेच ते,” कमलेश म्हणाला. “तुम्ही आता काही लिहू नका. सोमवारी ट्रस्टच्या मॅडम बघायला येणार ना? माझ्यावर सोडा.”

शनिवारी तो मोरबावला गेला. आवणीचा भर होता. गावातली झाडून सगळी बाईमाणसं खाचरात वाकलेली होती. अंगणवाडी तीन वर्षांच्या पुढच्या मुलांना घेते आणि दुपारी बंद होते. तीन वर्षांच्या आतलं पोर कुठे ठेवायचं, याचं उत्तर सरकारी कागदावर अजून सापडायचंय. आसपासच्या गावांत ते बांधावर छत्रीखाली ठेवायचे, नाहीतर पाचवीतल्या बहिणीच्या कडेवर द्यायचे आणि बहिणीची शाळा बुडायची. मोरबावात मात्र ते मोतीबाईच्या पडवीत असे.

मोतीबाई सत्तरीची. तिची पडवी शाळेच्या मागच्या अंगणाला लागून होती. आढ्याला लुगड्यांच्या चार झोळ्या, खाली सारवलेल्या जमिनीवर रांगणारी पोरं, कोपऱ्यात चूल आणि चुलीवर काळाठिक्कर टोप. प्रत्येक आई सकाळी पोराबरोबर मूठभर तांदूळ आणायची. कुणाकडून नाचणी यायची, कुणाकडून मिठाचा खडा. सगळं त्या एकाच टोपात जायचं. भाजी यायची ती मागच्या बागेतून. पाचवी ते सातवीच्या मुलांनी तिथे अळूचे वाफे केले होते, मांडवावर दुधी आणि शिराळी चढवली होती. आणि पावसाबरोबर आपसूक उगवणाऱ्या टाकळा आणि कुरडू या रानभाज्या उपटायच्या नाहीत, नुसते कोवळे शेंडे खुडायचे, हे मोतीबाईने त्यांना शिकवलं होतं.

“ये रं कमल्या,” मोतीबाई एका पोराचं नाक पुसत म्हणाली. “हापिसर झाला म्हंतात तू. बस. खाली बसलास तर पँट मळंल का?”

“मावशी, बसायला वेळ नाही. सोमवारी मुंबईच्या मॅडम येणारेत. देणगी मिळाली तर इथं टाइल्स बसवू, रंगीत पाळणे आणू.”

“पाळणं कशाला? झोळीत पोर निजतं, पाळण्यात कोकलतं. मागायचंच तर माज्या हाताखाली एक बाय माग, तिला पगार माग. माजं गुडघं गेलं. आनि ह्या पडवीला एक दार माग. परवा पोशा रांगत रांगत खाचराच्या तोंडाशी गेला.”

पोशा म्हणजे अकरा महिन्यांचा गोलमटोल ऐवज. आपलं नाव ऐकून त्याने कमलेशच्या बुटाची नाडी तोंडात घातली.

“दार आणि पगार असलं कोणी देत नाही, मावशी. फोटोत काय येणार त्याचं?” कमलेश नाडी सोडवत म्हणाला. “बरं, उद्या पोरांना देवळात घेऊन बसाल? इथं जरा मापं घ्यायचीत.”

“कसली मापं?”

“अर्जासाठी.”

मोतीबाईने मान डोलवली. लिहिण्या-वाचण्याच्या माणसाचं काम असेल, म्हणून तिने पुढे विचारलं नाही. आपल्या हातचं खाऊन मोठं झालेल्यावर अविश्वास दाखवायची सवय तिला नव्हती. कमलेश तिच्याच पडवीत वाढला होता. त्याची आई अंबाबाई आवणीला गेली, की तो ह्याच आढ्याच्या झोळीत असायचा. ही गोष्ट त्याच्या अकरा फोटोंत कुठेच नव्हती.

रविवारी रूपेश टेंपो घेऊन आला. रूपेश त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुंबईकरांच्या फार्महाऊसांची बाग राखायचा. बाप भातशेती करता करता म्हातारा झाला, पोरगा भाताच्या जमिनीवर लॉन अंथरून गब्बर झाला. टेंपोत लॉनच्या गुंडाळ्या होत्या, शोभेच्या क्रोटनच्या कुंड्या होत्या, पांढरे रंगवलेले दगड होते आणि गवत मारायची मशीन होती.

“हे सगळं उडवायचं?” रूपेशने विचारलं.

कमलेशने बागेकडे पाहिलं. त्याला अळू दिसला नाही. मांडवाची वाकडी काठी दिसली, फाटक्या साडीच्या चिंध्यांनी बांधलेला वेल दिसला आणि खाली गुडघाभर हिरवा गचपणा दिसला. हा माणूस वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत प्रत्येक पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खाऊन वाढला होता. आणि आज टाकळा बघून त्याच्या डोक्यात एकच शब्द आला : गवत. अडाणी माणूस निदान शिकून शहाणा होऊ शकतो. शिकून अडाणी झालेल्याचं काय करायचं?

“उडव,” तो म्हणाला.

मशीन सुरू झाली. दुपारपर्यंत वाफे सपाट झाले. मांडव मोडून कुंपणापलीकडे गेला. त्यावर हिरव्या सतरंजीसारखं लॉन उलगडलं. कडेने क्रोटन उभे राहिले. आठ-दहा फुलांची रोपं प्लास्टिकच्या पिशवीसकट मातीत बसवली, कारण मंगळवारी ती नर्सरीला परत द्यायची होती.

“मागं कुंपणाला अजून पट्टा राहिलाय,” रूपेश घाम पुसत म्हणाला. “दगड आहेत, मशीन लागत नाही. औषध मारू?”

“मार की. परत उगवायला नको.”

दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती. रूपेशने पाठीला पंप लावला आणि तणनाशक फवारत कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, “लगेच काय दिसत नाही. चार दिवसांनी पिवळं पडतं. तोवर पोरं, गुरं लांब ठेव. आणि मोतीमावशीला सांगून ठेव रं.”

“हो, हो,” कमलेश म्हणाला. तो फोनवर होता. फ्लेक्सवर मॅडमचं नाव मोठं घ्यायचं की ट्रस्टचं, हा गहन प्रश्न त्या वेळी त्याच्यापुढे होता. त्याने मोतीबाईला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी तो सगळा थाटमाट घेऊन आला. शाल, श्रीफळ, फ्लेक्स, प्लास्टिकही न काढलेली खेळणी आणि कर्जतच्या हॉटेलातून इडलीचे डबे. चौदापैकी आठ पोरांना घालायला नवी झबली आणली होती. बाकीच्या सहांना, ज्यांची नाकं जास्त वाहत होती, त्यांना मागच्या खोलीत ठेवायचं असं त्याने ठरवलं होतं. त्यात पोशा होता.

समिधाबाई लॉनच्या कडेला उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजले होते. सातवीतली मुलं त्यांच्यामागे गप्प उभी होती. वर्गात कुणी दगावल्यावर मुलं उभी राहतात तशी.

“हे कोणी केलं?” बाईंनी विचारलं.

“बाई, नंतर बोलू. जरा चेहरा हसरा ठेवा.”

मोतीबाईने पडवीतूनच डोकं बाहेर काढलं. “कमल्या, मापं लय भारी घेतली रं. ह्यो गालिचा कोन खानार? म्हशी बांधायच्यात का हितं?”

“मावशी, मॅडम गेल्या की सगळं सांगतो.”

“सांग, सांग. पोरांना पन सांग. ती बोलत नाय अजून, पन आयकतात.”

गाडी आली. नम्रता मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, पायात पावसाळी चप्पल. शाल पुढे केल्यावर त्यांनी ती हाताने बाजूला सारली, जशी वाटेत आलेली फांदी सारावी.

“बाग कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“हीच की, मॅडम,” कमलेशने लॉनकडे हात केला. “शाश्वत हरित परिसर. लाभार्थ्यांच्या सर्वांगीण…”

“ही मुलं खातात?”

“म्हणजे?”

“पत्रात लिहिलं होतं, बागेवर चौदा मुलं जेवतात. यातलं काय खातात ती? क्रोटन?”

सातवीच्या मुलांत खसखस पिकली आणि विझली. कमलेश हसला. असं हसण्याची त्याला सवय होती. पण मॅडम हसल्या नाहीत. त्या वाकल्या, एका फुलाच्या रोपाला हात घातला आणि रोप पिशवीसकट वर आलं. त्यांनी पिशवीवरची नर्सरीची चिठ्ठी वाचली आणि रोप अलगद परत ठेवलं.

“लॉन मी रोज बघते हो,” त्या म्हणाल्या. “आमच्या ऑफिसखाली आहे. त्यासाठी मुंबईहून इथवर यायची गरज नव्हती.” आणि चपला काढून त्या सरळ पडवीत शिरल्या.

आत जेवणाची वेळ झाली होती. मोतीबाईने कमलेशचे इडलीचे डबे उघडलेसुद्धा नव्हते. नवी झबली दोरीवर तशीच होती. चौदाच्या चौदा पोरं ताटल्यांपुढे बसली होती, वाहत्या नाकांसकट. मोतीबाईने टोपातला मऊ भात वाढला होता आणि प्रत्येक भातावर पळीभर हिरवीगार भाजी.

“बसा बाय,” ती मॅडमना म्हणाली. “आज भाजी थोडी हाय. म्होरली तर गेली सगळी. कुंपनाच्या कडंला दगडात जो टाकळा ऱ्हायला व्हता, तो सकाळी खुडला. गावला तेवढा.”

कमलेश पडवीच्या तोंडाशी उभा होता. कुंपणाच्या कडेला, एवढे शब्द त्याच्या कानात शिरले.

आता तो लगेच धावला असेल, असं तुम्हाला वाटेल. तो धावला नाही. तीन श्वास तो तिथेच उभा राहिला. पहिल्या श्वासाला त्याच्या मनात आलं, की औषध जेमतेम मारलंय, शिजवल्यावर काय उरतंय. दुसऱ्या श्वासाला आलं, की आता तोंड उघडलं तर देणगी गेली, संस्था गेली, आणि तालुक्यात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. या दोन श्वासांत तो जितका नीच होता, तितका आयुष्यात कधी नव्हता. आणि हे त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या श्वासाला मोतीबाईने पोशासाठी घास उचलला. दोन बोटांनी कुस्करला, ओठांशी नेला आणि फू फू करून फुंकर घातली. तिच्या फुंकरीला एक सूर होता. एक लांब आणि दोन आखूड. चाळीस वर्षांपूर्वी ह्याच पडवीत ह्याच सुरात निवलेले घास कमलेशच्या तोंडात गेले होते. ते त्याच्या डोक्याला आठवलं नसेल, त्याच्या जिभेला आठवलं.

“मावशी, नको! कुणी खाऊ नका! विष आहे त्यात!”

तो बुटांसकट आत घुसला. मोतीबाईच्या हातावर त्याचा हात पडला, घास जमिनीवर उडाला. त्याने एका हाताने ताटल्या उलट्या केल्या, दुसऱ्याने टोप ओढून अंगणात ओतला. बोटं भाजली. पोरांनी एकच आकांत मांडला. समिधाबाई धावत आल्या. एकेका पोराचं तोंड उघडून पाहिलं. मोतीबाई सगळ्यांत धाकट्याला आधी भरवायची आणि त्याचा घास होईपर्यंत बाकीच्यांना हात जोडून बसवायची. तेवढ्या एका रीतीमुळे कुणाच्या तोंडात काही गेलं नव्हतं. मोतीबाईने स्वतः मात्र भाजीची चव घेतली होती. मॅडमनी तिला लगेच आपल्या गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. कमलेश ड्रायव्हरशेजारी बसला, औषधाच्या डब्याचा फोटो रूपेशकडून मागवून घेतला आणि वाटभर मागे न बघता सगळं बोलून टाकलं. लॉन, पिशव्या, झबली, फवारा आणि अकरा मेलेली रोपं, सगळंच. त्यात ‘सर्वांगीण’ एकदाही आलं नाही.

डॉक्टरांनी तपासलं. नुसती चव घेतली होती, काही झालं नाही. पण दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मॅडम बाहेर कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. कमलेश बाकड्यावर मोतीबाईशेजारी खाली मान घालून बसला.

“मावशी, मला मारा.”

“हात दुकतील माजे,” मोतीबाई म्हणाली. “तुज्या गालाला काय होनार? निबर झालाय तो.”

 मग एखाद्या कीर्तनाला बसल्यासारखी, मांडीवर हात ठेवून ती बोलू लागली.

“मी तुला एक इचारू? सप्त्याला आपन तांदूळ मागत फिरतो ना रं दारोदार?”

“हो.”

“लाज वाटते?”

“नाही.”

“का नाय वाटत? कारन देवळातला पयला शेर आपला असतो. मागनारा आधी आपलं घालतो, मंग दुसऱ्याला म्हंतो घाल. आनि जो जे घालंल ते घेतो. जाडा तांदूळ घातला तर त्याला परत कर म्हनून सांगत नाय. तू काय केलास? आमची सगळ्यांची घातलेली मूठ फेकलीस, आनि रिकामं भांडं घासून-पुसून बाईच्या म्होरं धरलास. मागन्याची लाज नाय रं बाबा. आपल्याकडं हाय ते झाकन्याची लाज हाय. तुला आमची लाज वाटली.”

“तुमची नाही वाटली मावशी…”

“टाकळ्याची वाटली. येकच झालं. तुजी हाडं त्याचीच हायत.”

कमलेश रडला. त्याच्या रडण्याचं इथे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. असली माणसं सहज रडतात आणि उद्या पुन्हा फ्लेक्स छापायला जातात. रडण्यानंतर त्याने काय केलं, तेवढंच सांगण्याजोगं आहे.

मॅडम गाडीत बसताना त्याने विचारलं, “देणगी गेली ना?”

“आज देण्यासारखं इथं काही उरलेलं नाही,” त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. “अर्ज घ्यायची मुदत श्रावण संपेपर्यंत आहे. पाठवायचा तर पाठवा. फोटो एकही लावू नका. आणि खोटं एक वाक्य जरी सापडलं, तर ते आधीच्या सगळ्या देणाऱ्यांना कळवीन.”

दुसऱ्या दिवसापासून कमलेश कुदळ घेऊन शाळेमागे होता. रूपेशलाही त्याने ओढून आणलं होतं. लॉन गुंडाळलं. कुंपणाच्या कडेची फवारलेली माती वीतभर खोल खणून पोती भरली आणि दूर नेऊन टाकली. ज्या हातांनी रोपाला नुसता फोटोपुरता हात लावायची सवय होती, त्या हातांना फोड आले. सातवीतली पोरं शेजारी उभी राहून सूचना करायची : “काका, तिथं अजून खोल. काका, तुम्हाला कुदळ धरता येत नाय का?” गावातून येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणी मदतीला आलं नाही. येणार तरी कोण? चौदा घरांचा जीव एका दिवसात खाली-वर झाला होता. पोशाची आई तर त्याच्या शेजारून जाताना तोंड फिरवायची.

मग मोरबावचा सप्ता आला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. देवळात मुंगीला जागा नव्हती. बुवांनी सवंगड्यांच्या शिदोऱ्यांचं आख्यान लावलं. कुणाची भाकर शिळी, कुणाचं ताक आंबट, कुणाच्या फडक्यात तर नुसतंच लोणचं. आणि एक सवंगडी आपली शिळी भाकर लाजेने पाठीमागे लपवून बसलेला. देवाने सगळ्यांची सोडून आधी तीच मागितली. आख्यान रंगलं. टाळ थांबले. मग दहीकाला वाटण्याआधी रीतीप्रमाणे अन्नदात्यांची नावं वाचायला कमलेशच्या हातात माईक आला.

त्याने कागद उघडला आणि घडी घालून परत खिशात ठेवला.

“नावं मी नंतर वाचीन,” तो म्हणाला. “आधी माझं ऐका. शाळेमागची बाग मी मारली. मोतीमावशीला न सांगता औषध मी मारायला लावलं. आणि भाजी पोरांच्या ताटात दिसल्यावरही मी तीन श्वास गप्प उभा होतो. हे मावशीलाही माहीत नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.”

 पोशाच्या आईने पोराला छातीशी घट्ट धरलं. मोतीबाई खांबाला टेकून बसली होती. तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, “चवथ्याला धावला ना? बास. माती कोन देनार ते इचार आता.”

पुढच्या आठवड्यात मोरबावच्या शाळेमागे काला झाला. पंचेचाळीस घरांतून पाट्या आल्या, प्रत्येक पाटीत आपापल्या खाचराची माती. कुणी अळूचे कांदे आणले, कुणी जपून ठेवलेलं दुधीचं बी. अंबाबाईने, म्हणजे कमलेशच्या आईने, परसातलं शेवग्याचं खांड आणलं आणि लेकाकडे न बघता आपल्या हाताने रोवलं. सगळ्यात शेवटी पोशाची आई आली. तिने पाटी ओतली आणि कमलेशला म्हणाली, “ही माती माज्या बांधाची हाय. हिच्यात काय मारलंस तर याद राख.” तेवढं बोलून ती आवणीनंतरच्या बेणणीला, खाचरातलं तण काढायला, निघून गेली.

त्या संध्याकाळी कमलेशने अर्ज लिहिला. जुना अर्ज काढलाच नाही. पहिलं वाक्य असं होतं : ‘आमच्याकडे एक चांगली बाग होती, ती मी मारली.’ अर्जात ‘गावाचा सहभाग’ असा एक रकाना असतो. त्यात तो आजवर दोन ओळींची थाप मारून मोकळा व्हायचा. यावेळी त्या रकान्याला तीन पुरवण्या जोडाव्या लागल्या. पंचेचाळीस घरं आणि प्रत्येकाने काय आणलं. आणि मागणीच्या जागी फक्त दोन गोष्टी : मोतीबाईच्या हाताखालच्या बाईचा पगार आणि पडवीला दार.

मुंबईहून दिवाळीच्या सुमारास होकार आला. नम्रता मॅडमनी सोबत एकच ओळ लिहिली होती : ‘इतका खरा अर्ज वाचायची आम्हाला सवय नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला.’

मंडळी, शाळेला बाग हवी, तान्ह्या पोराला सावली हवी आणि त्यासाठी देणाऱ्यापुढे हात पसरावा लागतो, यात कमीपणा कसला? बेलाशक पसरावा. पण त्या हातावर आधी आपल्या घरची मूठ असावी, आणि ती जशी आहे तशी दिसावी. दान मिळवण्यासाठी जो आपलीच माणसं झाकतो, तो मागत नाही, विकतो. आपल्या गावातल्या शाळेचा फलक, बालवाडीचा फोटो, उद्घाटनाची फीत यांच्याकडे आज घरी जाताना एकदा नीट बघा. त्याखाली कुणाचा टाकळा गाडला गेलाय, ते विचारा. फीत कापणारे आपणच असलो, तर आधी विचारा.

राहता राहिला फलक. ट्रस्टच्या नावाचा फलक लावावा, असा देणगीचा नियम होता. कमलेश तो घेऊन आला आणि बागेच्या मधोमध, अळूच्या वाफ्याशेजारी उभा करायला लागला.

“हितं नको,” मोतीबाई पडवीच्या नव्या दारातून ओरडली. दाराच्या कडीशी पोशा लोंबकळत होता. “तेवढ्या जागंत चार दुधी व्हतील.”

“मग कुठं लावू, मावशी?”

“मागं कुंपनाला बांध. वेल चढंल त्याच्यावर.”

कमलेशने तो कुंपणाला बांधला. पुढच्या पावसाळ्यात शिराळीने तो पुरता झाकून टाकला. फोटो कुणी काढला नाही.